तुडवणीचा पाय

कराटेच्या सरांनी टाळी वाजवली तेव्हा काशीचा उजवा पाय पुढं पडून गेला होता आणि त्याचा आवाज शाळेच्या हॉलमध्ये अजून घुमत होता. बावीस जण एका वेळी पाऊल टाकत होते. एकवीस पावलांचा मिळून आवाज कागद सरकवल्यासारखा, आणि बाविसाव्याचा असा, की खिडकीतलं कबुतर उडालं. रावसाहेब सर रांगांमधून चालत तिच्यापाशी आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला वाटून गेलं, कारण वरच्या माणसाचा राग कसा झेलायचा हे ती रबाळ्याच्या औषधांच्या कंपनीत सहा वर्षांत शिकली होती. ते नुसते तिच्या पावलाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हा पाय कुठून आणला तुम्ही?" वर्ग हसला. त्यात वाईट हेतू नव्हता, दिवसभर कामं करून आलेली माणसं होती, हसायला निमित्त हवंच होतं. काशीही हसली. पण मानेपासून कानापर्यंत तिला गरम झालं. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ होतं, आणि चारचौघांत सांगण्यासारखं ते नव्हतं.

तो पाय मिठागरातला होता. दिवाळीच्या सुमाराला पावसाचं पाणी ओसरलं की मिठागराचे वाफे तुडवायला घ्यायचे. दहा-बारा जणी एका ओळीत उभ्या राहायच्या, एकमेकींच्या खांद्यांवर हात, लुगडी गुडघ्याच्या वर खोचलेली, आणि चिखल तुडवत एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जायच्या, वळून पुन्हा यायच्या. टाच आधी पडायची, मग सगळं पाऊल सपाट, सगळा भार वरून टाकून. पहिल्या दिवशी आवाज नुसता पचपच. पाच-सहा दिवसांनी तळ घट्ट होत जायचा, आणि कधीतरी त्याच पावलांखालून एक कोरडा, भरीव आवाज यायचा. तो आला की वाफा तयार. त्याच्या आधी खाडीचं पाणी आत घेतलं तर मीठ चिखलाचं निघे, काळपट, आणि त्याला कुणी विचारत नसे. तो आवाज आला की नाही हे ठरवायचं काम काशीच्या आईचं, पुतळाचं. ओळीच्या टोकाला ती मान जरा तिरकी करून चालायची. ती 'झाला' म्हणाली की झाला, मालकसुद्धा तिच्या शब्दापुढं जायचा नाही. गावात पुतळाच्या कानाचं कौतुक होतं. बंद दाराआडून, नुसत्या पावलांवरून ती कोण आलं ते सांगायची, आणि नवखे लोक तिच्याशी पैज लावून हरायचे. काशी सात वर्षांची झाल्यापासून त्या ओळीत आईच्या शेजारी होती. खांद्याला हात पुरायचा नाही म्हणून ती आईच्या कमरेला धरायची, आणि आईच्या कमरेचा तो हेलकावा हाताला कळला की पाय आपोआप पडायचा. चालायला ती अंगणात शिकली असेल, पण पाय टाकायला शिकली ती तिथं.

सरांना यातलं काय सांगणार? ती म्हणाली, सवय आहे सर, जाईल. सर म्हणाले, जायला पाहिजे, होळीच्या आधीच्या रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे, आणि पाऊल असं आपटलं तर समोरच्याला तुम्ही कधी येताय हे आधीच कळतं. मग त्यांनी पुन्हा जपानी आकडे मोजायला सुरुवात केली आणि बावीस पांढरे कपडे पुढं सरकले. काशीनं या खेपेला पाय इतका जपून टाकला की ती पडता पडता वाचली. शेजारच्या स्मितानं तिला कोपराशी धरलं. स्मिता सेक्टरातल्या बिल्डिंगमध्ये राहणारी, बँकेत नोकरीला, आणि वर्गात काशीशी आपण होऊन बोलणारी बहुधा एकटीच. तिनं घरी सांगून ठेवलं होतं की लग्न ठरायच्या आत आपल्याला निदान हिरव्या पट्ट्यापर्यंत जायचंय. काशी अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिच्या लग्नाची बोलणी आता कुणी काढत नसे. वडील, गोटीराम, जाऊन बारा वर्षं झाली होती. आईला सोडून जाणार कुठं, हे स्थळं आणणाऱ्यांनीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

ती क्लासला का येते असं कुणी विचारलं की तिचं उत्तर तयार असे. दुसरी पाळी सुटल्यावर बसस्टॉपपासून गावापर्यंत मोकळा रस्ता, अर्धवट बांधकामं, दिव्यांचे नुसते खांब. बाईमाणसाला हातपाय हलवता आले पाहिजेत. हे उत्तर सगळ्यांना पटायचं, कंपनीतल्या बायकांनी तर तिच्या धाडसाचं कौतुक केलं होतं. आईलाही तिनं तेच सांगितलं होतं. आई म्हणाली होती, मारामारी शिकून कोनाला मारशी, आणि नंतर, जा, पन जेवून जा. खरं कारण निराळं होतं आणि ते काशीनं स्वतःलासुद्धा धड शब्दांत सांगितलं नव्हतं. नवरात्र संपल्यानंतरचा एक शनिवार. पहिल्या पाळीवरून ती बसमधून उतरून शाळेच्या मागच्या रस्त्यानं गावाकडं निघाली होती. वाशीच्या सेक्टरांनी गावाला तीन बाजूंनी घेरलं होतं, त्यामुळं गावात शिरायचं तर कुणाच्यातरी बिल्डिंगच्या पाठीमागूनच शिरावं लागे. हॉलच्या खिडकीतून तिला ओळी दिसल्या. पांढऱ्यात उभी माणसं, अनवाणी, गुडघे वाकलेले, कुणीतरी आवाज देतंय आणि सगळे एकदम एक पाऊल पुढं. दुपारचं ऊन हॉलच्या फरशीवर पसरलं होतं आणि फरशी पांढरी दिसत होती. काशी रस्त्यात थांबली. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि बघत राहिली. मिठागर बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत तिनं माणसांची अशी ओळ कुठंच पाहिली नव्हती. कंपनीत ओळी होत्या, पण त्या बसलेल्या. बससाठी रांग होती, पण तीत प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी चढायचं असे. मंगळवारी ती फी घेऊन आली.

आणि आता त्या ओळीत ती उभी होती, आणि ओळीला तिचा पाय चालत नव्हता.

रावसाहेब सरांची शिकवायची एक पद्धत होती. वर्तमानपत्राचं पान ते पुढच्या पावलाखाली ठेवायचे आणि म्हणायचे, न फाडता, न उचलता, पुढं न्या. पाऊल जमिनीला चिकटून अर्धगोलात सरकलं पाहिजे, आणि पान सोबत गेलं पाहिजे. पहिल्या पंधरवड्यात काशीनं तीन आठवड्यांची रद्दी फाडली. स्मिता म्हणाली, तुझ्या पायाखाली बातम्या टिकत नाहीत बघ. काशी हसायची आणि दुसरं पान घ्यायची. ती हट्टी होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत पॅकिंग हॉलच्या गुळगुळीत फरशीवर ती औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा पायाखाली घेऊन मागं-पुढं सरकायची, आणि बायका डबे खाता खाता तिचे आकडे मोजायच्या. पण घरी मात्र ती हे करत नसे. घरी ती आपल्या पायानं चालायची. तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं की दोन पाय ठेवायचे, एक क्लासचा आणि एक घरचा, कंपनीत एक भाषा बोलतो आणि घरी एक, तसं. त्यात अवघड असं काय आहे, असं तिला वाटे.

कारण घरी आई होती. पांढऱ्या मिठावरच्या उन्हानं पुतळाचे डोळे हळूहळू नेले होते. आता तिला दारातला उजेड तेवढा कळायचा, उजेडातलं माणूस नाही. ती खाटेवर बसून असायची, शेजारच्या सुमित्राबाई दुपारी जेवण वाढून जायच्या, आणि बाकीचा दिवस ती कानांनी काढायची. कोण पाण्याला गेलं, कोणाच्या नातवाला चालता यायला लागलं, खाडीच्या बाजूला किती डंपर माती टाकून परत गेले, सगळं तिला माहीत असायचं. आणि काशी गल्लीच्या तोंडाशी वळली की घरातून आवाज यायचा, "काशे, आलीस." त्यात विचारणं नसायचं. काशी अजून चार घरं लांब असायची, चेहरा दिसायचा नाही, तोंडातून शब्द नाही, आणि जगात एक जागा अशी होती की जिथं ती पोचायच्या आधीच पोचलेली असायची. दिवसभर कंपनीत ती बिल्ल्यावरचा नंबर होती, बसमध्ये एक तिकीट. त्या दोन शब्दांनी ती पुन्हा काशी व्हायची. थकून आली की कधीकधी ती वळणावर थांबून मुद्दाम एक पाऊल जोरात टाकायची, आईचा आवाज लवकर यावा म्हणून.

एका शनिवारी क्लास सुटल्यावर शाळेच्या नळावर पाय धुताना सरांनी तिला पुन्हा विचारलं, या खेपेला एकटीला. पायाचं काय करताय? आणि का कोण जाणे, काशीनं सगळं सांगितलं. तुडवण, आईची कंबर, वाफ्याचा आवाज. सर नळ चालू ठेवून ऐकत राहिले. ते मराठवाड्यातले, गावाबाहेरच्या वस्तीत वाढलेले. औरंगाबादच्या होस्टेलात एका मोठ्या मुलाकडून कराटे शिकले होते आणि आता तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होते. भीमजयंतीला चौकात पोरांची प्रात्यक्षिकं बसवायचे. बोलायचे कमी. ऐकून झाल्यावर त्यांनी नळ बंद केला.

"माझ्या गावानं बी माझ्या पायाला शिकवलं होतं," ते म्हणाले. "कुठून जायचं, कुठं बाजूला व्हायचं, कोण समोरून आलं की पाऊल कसं मागं घ्यायचं. माझा बाप तसाच चालत गेला मरेपर्यंत. मी हितं येऊन ते विसरलो. पायाला विसरता येतं, काशीबाई. लई बरं वाटतं."

काशी पाय पुसत राहिली. त्यांचं खोटं नव्हतं. त्यांच्या चालण्याकडं पाहिलं तरी कळायचं की हे चालणं त्यांनी स्वतः कमावलंय, आणि ते गल्लीतून गेले की लोक वळून का बघतात तेही कळायचं. पण आपल्याला विसरायचं नाही, हे त्यांना कसं सांगावं? ज्यांना गावानं पाय दिला आणि ज्यांच्या पायावर गाव चढून बसलं, त्यांचं विसरणं एक नसतं, एवढं तिला उमगत होतं. पण हे बोलून दाखवलं तर त्यांच्या बापाच्या चालीला आपण काहीतरी कमी म्हणतोय असं होईल, असं वाटून ती नुसती हो म्हणाली. घरी जाताना तिला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि थोडा हेवाही.

जानेवारी सरता सरता पान फाटायचं थांबलं. ते पायासोबत जायला लागलं, एवढंसंही न चुरगळता. सरांनी पहिला काता शिकवला, म्हणजे ठरलेल्या क्रमानं न दिसणाऱ्या माणसाशी लढायचं, वळायचं, अडवायचं, मारायचं. काशीला तो आवडला. त्यातल्या वीस पावलांमध्ये कुणी कुणाला धरत नव्हतं, तरी सगळे बरोबर होते. पोटऱ्या घट्ट झाल्या, खांदे सैल झाले. आणि एक दिवस कंपनीतल्या सुपरवायझरनं दचकून मागं पाहिलं आणि विचारलं, तू कधी आलीस, आवाज नाही काही नाही. बायका हसल्या. काशीही हसली, आणि हसता हसता तिनं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. त्या वेळी ती सरावात नव्हती. नुसती चालत होती, हातात लेबलांचा गठ्ठा घेऊन.

त्या रविवारी सकाळी ती मिठागराकडं गेली. बरेच महिने गेली नव्हती. अर्ध्याहून अधिक भाग भरावाखाली गेला होता, लाल मुरूम, त्यावर दगड, त्यावर कुणीतरी खुंट्या ठोकून दोरी बांधलेली. खाडीच्या टोकाचे चार वाफे तेवढे उघडे होते, त्यात पावसाचं राहिलेलं पाणी आटून चिखल झाला होता. तिनं चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि आत उतरली. चिखल गार होता, घोट्यापर्यंत आला, आणि तळव्याला तो ओळखीचा लागला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं पाय उचलला आणि टाकला. टाच आधी पडली नाही. पाऊल पुढं सरकून पडलं, कडेनं, चोरासारखं. तिनं पुन्हा टाकला. मनाशी म्हणाली, टाच, मग सपाट, वरून भार. असं म्हणून म्हणून दहा-बारा पावलं टाकली, आणि प्रत्येक पाऊल पडलं ते शिकवल्यासारखं, कुणीतरी सांगतंय म्हणून. बाजूला आईची कंबर नव्हती. हात कुठं ठेवावा हे कळेना म्हणून तिनं तो स्वतःच्याच कमरेवर ठेवला. डंपरवाले लांबून बघत होते. थोड्या वेळानं ती बाहेर आली, खाडीच्या पाण्यात पाय धुतले आणि चपला घातल्या.

त्यानंतर ती घरी येताना गल्लीच्या तोंडाशी थांबायची, श्वास घ्यायची आणि ठरवून पाय आपटत यायची. आईचा आवाज यायचा, पण जरा उशिरानं, ती दोन घरांवर आल्यावर, आणि एकदा तर आई नुसती म्हणाली, "काशे?" त्या एका विचारण्यानं काशीला रात्रभर झोप लागली नाही. क्लास सोडावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. मंगळवार आला आणि संध्याकाळी साडेपाचला तिनं पिशवी भरली. ओळ तिला हवी होती. आईसुद्धा हवी होती. एकीसाठी दुसरी सोडायची असं कुणी तिला स्पष्ट सांगितलं असतं तर तिनं बिनदिक्कत क्लास सोडला असता, पण असं कुणीच सांगत नव्हतं. सगळं थोडं थोडं, पावलापावलानं चाललं होतं.

परीक्षेच्या रविवारी मुंबईहून दोन मोठे सर आले होते. काशीचं नाव नववं लागलं. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली, वाकली, आणि काता सुरू झाला. पुढचं तिला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की हॉलमध्ये कुणी नाही असं वाटलं, आणि फरशी पांढरी होती, आणि ती त्या पांढऱ्यावरून अशी जात होती की खाली काही उमटत नव्हतं. शेवटच्या वळणाला तिच्या पोटातून ती शिकवलेली आरोळी निघाली तेव्हा भिंतीशी बसलेल्या स्मितानं टाळी वाजवली आणि जीभ चावली. मुंबईच्या सरांपैकी एकजण रावसाहेबांकडं झुकून म्हणाले, या बाईंचं पाऊल बघा, मांजरीचं आहे. रावसाहेब सर सहसा हसत नसत, ते हसले. पट्टा हातात देताना त्यांनी हळूच विचारलं, "आता कळलं का, कुठून आणायचा पाय?" काशीला अभिमान वाटला. लपवण्यात अर्थ नाही, तिला फार अभिमान वाटला. अठ्ठावीस वर्षांत कुणी पांढऱ्या कपड्यातल्या माणसांसमोर तिचं नाव घेऊन तिला काही दिलं नव्हतं. स्मितानं तिला उसाचा रस पाजला, आणि ती पिशवीत पिवळा पट्टा घेऊन, शाळेच्या मागच्या रस्त्यानं, बिल्डिंगच्या पाठीमागून, उन्हातून गावात शिरली. आईच्या हातात पट्टा द्यायचा, तिला बोटांनी चाचपू द्यायचा, रंग सांगायचा, याचंच चित्र डोळ्यांसमोर होतं. गल्लीच्या तोंडाशी थांबायचं ती विसरली.

दार उघडं होतं. आई खाटेवर बसली होती, मान जरा तिरकी, तोंड दाराकडं. काशी उंबरा ओलांडून दोन पावलं आत आली तरी ती काही बोलली नाही. दारातला उजेड हलला तेव्हा तिला कळलं असावं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. काशी लहान असताना मिठागरावर मालकाची बायको यायची, तेव्हा आई असाच पदर सारखा करायची.

"या बाई, बसा," पुतळा म्हणाली. "काशीकडं आल्या ना? किलासच्या बाई तुमी? ती किलासलाच गेलीय, येल आता."

काशीनं तोंड उघडलं. नुसतं 'आय' म्हणायचं होतं, एवढ्यानं सगळं भागलं असतं. पण त्या कानानं कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. सगळं गाव त्याच्यापुढं हरलं होतं, आणि डोळे गेल्यावर आईजवळ तेवढंच उरलं होतं. मीच आहे म्हटलं की तो कान खोटा पडणार होता. आणि तो खोटा नव्हता. बाहेर जावं, वळणापर्यंत जावं, आणि टाच आपटत परत यावं, असंही तिच्या मनात आलं. पण वळणावरून आपल्याला कुठला पाय घेऊन येता येईल याची तिला खात्री नव्हती, आणि त्या पायालाही आईनं या बाई म्हटलं तर काय करायचं, या भीतीनं ती जागची हलली नाही. मग ती दाराजवळच्या स्टुलावर बसली, पाहुणे बसतात त्या. पिशवी मांडीवर घेतली.

"पानी घ्या, तांब्या हाय तिथं," आई म्हणाली. "लांबून आल्यासारक्या वाटता. आमच्या काशीचा पाय वाजतो बगा, गल्लीपासनं कळतो. माज्यासंगं तुडवनीला होती ती. लई चांगला पाय तिचा."

काशीनं तांब्या उचलून पाणी प्यायलं आणि आवाज न करता जागेवर ठेवला. बाहेर ऊन कडक होतं, सुमित्राबाईंच्या अंगणात कुणीतरी भांडी घासत होतं, लांबून डंपरचा घरघराट येत होता. आईनं मान आणखी थोडी तिरकी केली आणि ती गल्लीकडं कान देऊन बसली. काशीही ऐकू लागली. काशी अजून आली नव्हती.